चेअरमनची गाडी टुंक करते

वसाहतीचे चेअरमन लुबोवा यांनी नवी गाडी आणली त्या दिवसापासून कलियांगो मास्तरांना जेवण पचेनासं झालं.

आता मसाकासारख्या शहरात कुणी गाडी आणली म्हणून शेजाऱ्याने स्वतःचं पोट बिघडवून घ्यावं असं काही नाही. गाडी मास्तरांकडेही होती. दोन्ही गाड्या जपानात कुणीतरी वापरून सोडलेल्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पावसात चिखलाच्या एकाच खड्ड्यात रुतणाऱ्या. पण लुबोवांच्या गाडीला किल्ली लावावी लागत नसे. ती नुसती खिशात ठेवायची. लुबोवा जवळ आले की गाडी त्यांना ओळखायची, ‘टुंक’ करायची आणि दोन्ही बाजूंचे आरसे कान टवकारल्यासारखे उघडायची; लांब गेले की पुन्हा टुंक करून मिटायची. आत बसून बटण दाबलं की एक बाई जपानी भाषेत अत्यंत अदबीने काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते गल्लीत कुणालाच कळत नसे. पण ती आशीर्वाद देते याबद्दल दुमत नव्हतं.

मास्तरांच्या गाडीच्या किल्लीतच रिमोट होता, पण तो मास्तरांच्या नववीच्या वर्गासारखा होता. एकच गोष्ट अकरा वेळा सांगावी तेव्हा कुठे एखादी हालचाल दिसायची, आणि तीही भलतीच. दार उघडायला सांगावं तर डिकी उघडायची. रोज सकाळी मास्तर कोट घालून, हात लांब करून, गाडीवर नेम धरून उभे राहायचे आणि कुंपणापलीकडून लुबोवा मनापासून धीर द्यायचे.

“दाबा मास्तर, दाबा! आता उघडेल बघा!”

एवढं बोलून ते आपल्या गाडीकडे वळायचे. टुंक.

हेही मास्तरांनी गिळलं असतं. पण एका रविवारी चर्चहून परतताना त्यांच्या पत्नी, एसेझाबाई, सहज म्हणाल्या, “चेअरमनच्या गाडीचा आवाज किती सोज्वळ आहे, नाही?”

मास्तर चालता चालता थांबले. तेवीस वर्षांच्या संसारात एसेझाबाईंनी त्यांच्या आवाजाला एकदाही सोज्वळ म्हटलं नव्हतं. आणि आवाज हीच तर मास्तरांची इस्टेट होती. उपमुख्याध्यापक ते नंतर, आधी ते वक्ते. कुणाच्याही घरचं क्वांजुला असो, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालायचा दिवस असो, मुलाच्या बाजूने बोलायला कलियांगो मास्तर हवेत. मुलीकडचे दारातच अडवतात, टोमणे मारतात, ‘कोण तुम्ही? वाट चुकलात का?’ विचारतात. अशा वेळी गोड बोलून घरात शिरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

येत्या शनिवारी तर त्यांच्या सख्ख्या भाच्याचं, जूकोचं, क्वांजुला होतं. बुकुलुला गावी, सकाळी दहाला. भाच्याला आपल्या गाडीतून न्यायचं मास्तरांनी कबूल केलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: सगळं वऱ्हाड पांढरे पायघोळ कान्झू घालून अंगणात उभं आहे, आपण गाडीतून उतरलो आहोत, पाच पावलं चाललो आहोत, आणि मागे वळूनही न बघता, खांद्यावरून, टुंक!

“रिमोट दुरुस्त करून घेतो,” मास्तर म्हणाले.

“कशाला? किल्लीने उघडतंय की दार,” एसेझाबाई म्हणाल्या.

इथेच ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

सोमवारी सल्ले गोळा झाले. योकाना न्हाव्याने मास्तरांच्या अर्ध्या गालाला साबण लावून ठेवून सांगितलं, की रिमोट हनुवटीला टेकवून दाबायचा. डोक्याच्या कवटीत आवाज घुमतो आणि लांब जातो. “रिकामं असेल तर जास्तच लांब जातो,” असंही तो म्हणाला, पण ते गिऱ्हाइकाला उद्देशून नसावं. मंगळवारी मास्तरांनी शाळेच्या आवारात प्रयोग केला. हनुवटीला रिमोट, मान वर, डोळे मिटलेले. डोळे उघडले तेव्हा आठवीचा अख्खा वर्ग टोप्या काढून शांत उभा होता. मास्तर प्रार्थना करताहेत असं पोरांना वाटलं होतं. मास्तरांनी मग खरंच एक छोटी प्रार्थना म्हणून सुटका करून घेतली.

बुधवारी घड्याळवाल्याने नवा सेल घातला. तो आतमध्ये सैल बसत होता, म्हणून चॉकलेटच्या चांदीची घडी घातली. त्यानंतर रिमोटने नेम बदलला. दार बंदच राहिलं, पण गाडीचा भोंगा न थांबता वाजू लागला. बॅटरीची तार उपटेपर्यंत सगळी गल्ली जमली. लुबोवा सगळ्यात आधी धावून आले होते, हातात पान्हा घेऊन. तार त्यांनीच काढली. त्यांनीच काढावी हे मास्तरांना फार लागलं.

म्हणून गुरुवारी मास्तरांनी कुणालाही न सांगता रिमोट स्वतः उघडला. जेवणाच्या टेबलावर, मटोके, म्हणजे हिरवी केळी, सोलायच्या सुरीने. आत एक हिरवी पट्टी होती आणि कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी काळी चिकटलेली घाण. मास्तरांना घाणीचा मनस्वी तिटकारा. त्यांनी नखाने ती उडवली आणि फुंकर मारून खिडकीबाहेर घालवली. पट्टी पेट्रोलने पुसली, सगळं जोडलं आणि समाधानाने गाडीत जाऊन बसले.

गाडी सुरू झाली आणि दोन सेकंदांत बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शिंक येता येता जिरावी तशी.

कंपालातल्या एका किल्लीवाल्याचा नंबर योकानाने दिला. त्याला सगळे सालोंगो म्हणत, कारण त्याला जुळी मुलं होती. आपल्याकडे जुळ्यांच्या बापाशी जरा अदबीनेच बोलावं लागतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्तर, आतला काळा दाणा शाबूत आहे ना?”

“कसला दाणा?”

“तांदळाएवढा असतो. गाडी त्याच्यावरूनच किल्ली ओळखते. तो नसला तर गाडीच्या लेखी तुम्ही चोर.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. दुपारचा पाऊस नुकताच होऊन गेला होता.

संध्याकाळपर्यंत मास्तर, एसेझाबाई आणि योकाना न्हावी केळीच्या बुंध्यांमधला लाल चिखल चाळणीने चाळत होते. लुबोवा बिनबोलावता आले, नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसले. त्यांना एक बटण सापडलं, एक कवडी सापडली, एसेझाबाईंची चार वर्षांपूर्वी हरवलेली कानातली कुडीसुद्धा सापडली.

“अगं बाई! चेअरमन, तुमच्या हाताला यश आहे हो!” एसेझाबाई म्हणाल्या.

मास्तर चाळणी आपटून घरात निघून गेले. दाणा मिळाला नाही.

रात्री थोरल्या बहिणीचा, पेरेपेटुआचा, फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. “बेस्वेरी, तुझ्या गाडीचं जे काय करायचंय ते कर. पण माझा मुलगा दहाला तिथे उभा पाहिजे. तुझ्याच्याने होत नसेल तर बोलायला चेअरमन तयार आहेत. मी विचारून ठेवलंय.”

“तू त्याला विचारलंस? त्याला?”

“नम्र माणूस आहे. म्हणाला, मास्तरांची सर मला कुठून येणार.”

ही नम्रता तर मास्तरांना जास्तच झोंबली.

सालोंगो शनिवारी पहाटे यायला तयार झाला, पण त्याची एक अट होती. गाडीची कागदपत्रं, वसाहतीच्या चेअरमनचं पत्र आणि पोलिसांचा शिक्का समोर असल्याशिवाय तो नवी किल्ली करत नसे. “उद्या कुणाची चोरलेली गाडी निघाली तर माझी जुळी पोरं कुणाकडे बघतील?” जुळ्यांच्या बापाशी वाद घालता येत नाही.

शुक्रवारी शाळेला दांडी मारून मास्तर पोलिस चौकीत गेले. खिडकीमागे सार्जंट नाकाबूगो नावाच्या बाई होत्या. त्यांनी गाडीचं पुस्तक बघितलं, ओळखपत्र बघितलं, मग पुन्हा पुस्तक बघितलं.

“गाडी बेस्वेरे कलियांगो यांची आहे. तुम्ही बेस्वेरी.”

“लिहिणाऱ्याची चूक आहे ती, बाई.”

“असेल. पण बेस्वेरे कुठे आहेत?”

“मीच बेस्वेरे.”

“मग बेस्वेरी कोण?”

“तोही मीच!”

“असं कसं? एका माणसाला दोन नावं कशाला लागतात?” बाईंनी संशयाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अशी नावं कोण ठेवतं ते ठाऊक आहे आम्हाला.”

पंचवीस वर्षं मास्तर मुलांच्या वह्यांत चुकलेल्या एकेका अक्षरावर लाल शाईने गोल काढत आले होते. आज एका अक्षराने त्यांना चोरांच्या रांगेत बसवलं.

“चेअरमनचं पत्र आणा,” बाई म्हणाल्या. “दोन्ही माणसं एकच आहेत असं त्यांनी लिहून दिलं, तर शिक्का मारते.”

लुबोवांच्या व्हरांड्यात मास्तर तासभर बसले. लुबोवांनी आधी चहा दिला, मग तळलेले नाकतोडे दिले, ऐन हंगामातले, कुरकुरीत. मग पेटीतून शिक्का काढला, त्याच्यावर हळूच श्वास सोडला आणि सावकाश अक्षरात पत्र लिहिलं: ‘श्री. बेस्वेरे आणि श्री. बेस्वेरी यांना मी चौदा वर्षं ओळखतो. ही दोन्ही माणसं एकच आहेत, आणि दोन्ही सज्जन आहेत.’

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. एखादी तरी चूक असावी, निदान एखादा स्वल्पविराम. काही नव्हतं. अक्षरसुद्धा चांगलं होतं. त्यांनी तोंडात नाकतोडा टाकला आणि तो नीट चावताही येईना.

शनिवारी सकाळी साडेसहाला येणारा सालोंगो साडेआठला आला. त्याने मास्तरांच्या गाडीत आपलं यंत्र लावलं, तारा जोडल्या आणि जाहीर केलं, “दीड तास.”

बाकीचं वऱ्हाड भेटींच्या टोपल्या घेऊन भाड्याच्या व्हॅनने केव्हाच पुढे गेलं होतं. एसेझाबाईही हिरवी गोमेसी नेसून त्यातच गेल्या होत्या. जूको कान्झूवर कोट चढवून मास्तरांच्या अंगणात उभा होता आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मास्तरांचा चेहरा शिळ्या मटोक्यासारखा झाला होता. सव्वानऊ झाले, तेवढ्यात पलीकडे टुंक झालं. लुबोवांनी आपली गाडी काढली, तोंड रस्त्याकडे करून फाटकासमोर आणून उभी केली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरले.

“बसा मास्तर. घेऊन जा.”

“आणि तुम्ही?”

“मी इथे थांबतो. पोलिसांच्या कागदावर साक्षीदार मी आहे, किल्ली तयार होईपर्यंत मला हलता येत नाही. जा हो! तिकडे तुमच्याशिवाय कोण बोलणार?”

मास्तरांनी आढेवेढे घ्यायचं ठरवलं होतं. पण पाय आपोआप गाडीत गेले.

काय ती गाडी! खड्ड्यातून जाताना वाटावं, खड्डाच बाजूला सरकला. मास्तरांची पाठ ताठ झाली, एक कोपर खिडकीत गेलं. फाटकापासून शंभर पावलांवर ती जपानी बाई बोलायला लागली. मग थांबेचना. समोर एक लाल खूण उघडझाप करायला लागली.

“मामा, काय म्हणतेय ती?” जूकोने विचारलं.

“आशीर्वाद देतेय. शुभकार्याला निघालोय ना आपण.”

“फारच देतेय हो.”

“मालकाची सवय लागलीय. तोही असाच भरभरून बोलतो.”

बुकुलुला चार-पाच किलोमीटर राहिलं असेल. रस्त्याकडेला केळ्यांच्या ठेल्याजवळ, झाडाखाली, तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक बाकावर बसलेले दिसले. हे तेच गृहस्थ, ज्यांना मुख्याध्यापकपद मिळालं तेव्हा मास्तरांना ‘उप’ एवढंच मिळालं होतं. हातात पंधरा मिनिटं होती. पोचायला दहा पुरली असती. पण अशी गाडी, असा कान्झू आणि असा प्रेक्षक पुन्हा कधी एकत्र येणार?

“दोन केळी घेऊ,” मास्तर म्हणाले.

“मामा, टोपल्यांत तीस घड आहेत!”

मास्तरांनी गाडी थांबवली. बटण दाबून बंद केली. सावकाश उतरले, मुख्याध्यापकांकडे न बघितल्यासारखं बघितलं आणि पाच पावलं चालून ‘टुंक’ची वाट पाहत थांबले.

काही झालं नाही. आणखी पाच पावलं चालले. तरी नाही. परत येऊन आत बसले, बटण दाबलं. गाडी गप्प. बाईही गप्प.

“आशीर्वाद संपले वाटतं,” जूको म्हणाला.

मास्तरांनी लुबोवांना फोन लावला. “चेअरमन, या गाडीची किल्ली कुठे आहे?”

पलीकडे बराच वेळ नुसती सळसळ ऐकू आली. खिसे चाचपल्याची.

“अरे देवा! मास्तर, माझ्या कोटात! गाडी चालू होती म्हणून तशीच गेली ती. आता बंद केली असेल तर... तुम्ही बंद नाही ना केलीत?”

“कशाला करेन?” मास्तर म्हणाले, आणि मग सगळं सांगावं लागलं.

“मी निघतोच,” लुबोवा म्हणाले. “कशाने ते बघतो.”

मुख्याध्यापक आता बाकावरून उठून आले होते. “काय कलियांगो, ढकलू का?”

पुढचं मास्तरांनी नंतर कधीच कुणाला सांगितलं नाही, पण आख्ख्या रस्त्याने पाहिलं. एका भाड्याच्या बोडाबोडा मोटरसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये मास्तर, मागे नवरामुलगा. कान्झू गुडघ्यापर्यंत वर, एका हातात मुख्याध्यापकांनी आग्रहाने दिलेली केळी, आणि लाल धुळीचा लोट. पोचले तेव्हा दहा पंचवीस झाले होते. पेरेपेटुआ दारातच उभी होती. तिने भावाकडे नुसतं पाहिलं. त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं.

मांडवात मुलीकडची वक्ती उठली. धिप्पाड, हसरी, जिभेला धार लावून आलेली बाई. “पाहुणे गाडीने येणार असं आम्ही ऐकलं होतं. ही कुठली नवी गाडी, जी माणसाला बाहेर बसवते आणि रस्ता त्याच्या अंगावर चढवते?”

सगळा मांडव हसला. मास्तर उठले. कान्झू मातीने लाल, डोळ्यांत धूळ, पोटात आठ दिवसांचा जळफळाट. तोंड उघडलं आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळा जळफळाट गोड होऊन बाहेर आला.

“बाई, गाडी होती. उत्तम होती. पण अर्ध्या वाटेत तिने मला विचारलं, किल्ली कुठाय? मी म्हटलं, घरी राहिली. ती म्हणाली, मग मी तुला ओळखत नाही. तेव्हा कळलं, बाई, दार उघडायचं असेल तर माणसाने आधी ओळख द्यावी लागते. म्हणून तर आम्ही आज तुमच्या दारात आलो. ओळख द्यायला!”

मांडव हशाने असा कोसळला की बाकं हलली. मुलीच्या आत्यांनी हातांनी तोंडं झाकली. उशिराचा दंड म्हणून वऱ्हाडाला उभं राहून गाणं म्हणावं लागलं, पण मुलीकडचेच टाळ्यांचा ठेका देत होते. मास्तर बोलत राहिले. तासभर, दीड तास. पेरेपेटुआ डोळे पुसत होती. एसेझाबाई बायकांच्या रांगेतून नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की मास्तर दोनदा वाक्य विसरले. आज इतक्या वर्षांनी त्यांना जगात कुणाचाच हेवा वाटत नव्हता.

शेवटचं वाक्य तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात बाहेर आवाज झाला.

टुंक, टुंक!

सगळ्या माना वळल्या. फाटकात मास्तरांची जुनी पांढरी गाडी उभी होती. तिचे चारही दिवे एकदम लुकलुकत होते. आणि पाच पावलं पुढे, मागे वळूनही न बघता, खांद्यावरून कोरी करकरीत किल्ली धरून लुबोवा चालत येत होते.

“अय्या! किती गोड आवाज आहे गाडीचा!” मुलीकडची वक्ती म्हणाली. “कुणाची हो?”

मास्तरांचं शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं. ते मग पेरेपेटुआनेच कसंबसं पुरं केलं. मुलगी मिळाली, वरमाला पडल्या, केळीच्या पानांत बांधून शिजवलेल्या लुवोंबोतून कोंबडीची वाफ निघाली. पण मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. आपल्या स्वतःच्या गाडीचा पहिलावहिला टुंक, आणि तो दुसऱ्याने करावा?

परतताना मास्तरांच्या गाडीतून ते, एसेझाबाई आणि लुबोवा झाडाखाली राहिलेल्या गाडीपाशी आले. लुबोवा खाली उतरले. त्यांच्या गाडीने लगेच त्यांना ओळखलं, आरसे उघडले. पण लुबोवा आत बसेनात. मास्तरांच्या खिडकीपाशी आले आणि धुळीने भरलेल्या बुटांकडे बघत बोलू लागले.

“एक सांगू मास्तर? रागावू नका. मी अर्ध्या तासापूर्वीच पोचलो होतो. फाटकाबाहेर उभं राहून ऐकत होतो. पेरेपेटुआबाईंनी मला विचारलं, तेव्हापासून दोन दिवस मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होतो. देवाची शपथ, तुमची गाडी दुरुस्त होऊ नये असंही एकदा वाटून गेलं. आज तुम्हाला ऐकलं आणि पोटात असं दुखलं! म्हणून तो टुंक जरा मुद्दामच मोठ्याने केला. असं बोलता आलं असतं ना, तर ही गाडी मी कुणालाही देऊन टाकली असती.”

मास्तरांच्या शेजारून एसेझाबाई हळूच म्हणाल्या, “केवढं मोकळं मन! असं तोंडावर कबूल करायला जिगर लागते बाई.”

आता आपणही कबूल करायला हवं, हे मास्तरांना कळत होतं. शब्दही समोर होते. मीसुद्धा जळत होतो. तुमच्यामुळेच रिमोट फोडला. तुमच्या पत्रात चुका शोधत होतो. दीड तास न थांबता बोललेल्या माणसाला तीन वाक्यं काय जड? त्यांनी घसा साफ केला. खिडकीवर हात ठेवला. लुबोवा आशेने थोडे वाकले.

“चेअरमन,” मास्तर म्हणाले, “तुमच्या गाडीचे टायर फार चांगले आहेत हो.”